आमच्याकडं गुलाब नाहीत

लग्नकार्यात कुणी माझी ओळख करून द्यायला लागलं की मला जरा धास्तीच वाटते. "ह्या मॅडम पोरं बाहेर पाठवतात," असं सांगितलं जातं आणि समोरचा माणूस माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघतो. एका वरपित्यानं तर मला मांडवाच्या कडेला घेऊन विचारलं होतं, "दुबईले डायवर पाठवता का? आमचा भाचा रिकामाच हाय."

मी ड्रायव्हर पाठवत नाही. परदेशी शिकायला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींना वाट दाखवायची, त्यांचे कागद लावून द्यायचे, हे काम मी बावीस वर्षं करते आहे. त्याआधी अमरावतीच्या एका ज्युनियर कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. राजापेठेत माझी एक खोली आहे आणि मंगळवारी-शुक्रवारी मी बसनं अकोल्याला जायची. तिथं बसस्टँडजवळ एका स्टेशनरीच्या दुकानावरची खोली भाड्यानं घेतली होती. अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूरची मुलं तिथं यायची.

लोकांना वाटतं, आमच्याजवळ वशिला असतो. वशिला नसतो, कागद असतात. बावीस वर्षांतली निम्मी मी मुलांची नावं सारखी करण्यात घालवली असतील. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, पदवीच्या कागदावर शेवटी आईचं नाव, आधारवर एक स्पेलिंग, पासपोर्टवर दुसरं. दर्यापूरच्या एका मुलाची पदवी पाहून तिकडच्या विद्यापीठाच्या कॉम्प्युटरनं शेवटचा शब्द तेच आडनाव असं धरलं आणि त्याला सहा महिने 'डिअर मिस्टर शांताबाई' अशी पत्रं येत राहिली. पोरगा लाजून अर्धा झाला. त्याच्या आईनं मात्र पहिल्या पत्राची झेरॉक्स काढून घेतली. मला म्हणाली, "मॅडम, माह्या नावानं आजवर लाइटचं बिलबी आलं नाही." पुढे मी ते नाव दुरुस्त करून घेतलं, पण करताना मला वाईट वाटलं.

असे किस्से पुष्कळ आहेत. पण संपादकांनी लेख मागितला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आली ती अश्विनीची गोष्ट. तिच्यात माझी फुशारकी मिरवण्यासारखं फारसं काही नाही, म्हणून आजवर ती मी कुणाला नीट सांगितली नव्हती.

ती सांगण्याआधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगायला हवी. तिकडची विद्यापीठं मार्कांबरोबर एक पत्र मागतात. मी कोण, हाच विषय मला का शिकायचा आहे, तुमच्याकडेच का, शिकून पुढे काय करणार, असं दोन पानांत लिहायचं. धंद्यात त्याला एसओपी म्हणतात. पत्र मुलानं स्वतः लिहावं अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ते आम्हीच लिहायचो. मुलगा एक मसुदा आणायचा, तो मी बाजूला ठेवायची आणि चहा मागवून स्वतः लिहायला बसायची.

आणि मी चांगलं लिहायची. हे मी आजही खाली मान घालून म्हणणार नाही. इतरांची पत्रं 'मी एक मेहनती विद्यार्थी आहे' अशी सुरू व्हायची. माझ्या पत्रात पहिल्या चार ओळींत एक चित्र असायचं. बहुतेक वेळा एक आजोबा असायचे. मुलगा यंत्राच्या विषयाला जाणार असला तर आजोबा जुनं घड्याळ उघडून बसायचे. डेटा सायन्सला जाणार असला तर आजोबांची पावसाच्या नोंदींची वही असायची. मुलगी औषधशास्त्राला जाणार असली तर ते तिला काढ्याची पानं ओळखायला शिकवायचे. मुलं निवडली जायची, पेढे यायचे. अमरावती-अकोल्याच्या शेकडो मुलांना मी एकच आजोबा पुरवले, हे मला फार उशिरा कळलं.

अश्विनी आली तेव्हा अकोल्याच्या कृषी महाविद्यालयातून पदवी घेऊन तिला वर्ष झालं होतं. तेल्हाऱ्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली मुलगी. घरची थोडी बागायत. वडील पुंडलिकभाऊ झेंडू आणि शेवंती करायचे आणि पिकअपमधून माल अकोल्याच्या फुलबाजारात आणायचे. ती त्यांच्याबरोबरच यायची. माल उतरवून झाला की दोघं माझ्याकडे यायची. ते बाहेर जिन्याजवळच्या बाकावर बसायचे आणि ती आत. तिच्या ओढणीला झेंडूचा वास असायचा.

तिला काढणीनंतर फुलं कशी टिकवायची याचं शिक्षण घ्यायचं होतं, नेदरलँड्समधे. असा विषय मागणारी माझ्याकडे आलेली ती पहिलीच. बाकीच्यांना कॉम्प्युटर हवा असायचा.

"हे कुठून डोक्यात आलं?" मी विचारलं.

"आमच्या पिकअपमधून," ती म्हणाली. "तेल्हाऱ्याहून अकोल्याले येईस्तोवर दर गोनीतली मधातली फुलं काळी पडतात. कावून पडतात ते मले समजून घ्याचं हाय."

तिनं मसुदा आणला होता. वहीच्या कागदावर, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. त्यात सगळं गोणपाटाबद्दल होतं. ओलं गोणपाट, त्यात दाबून भरलेली फुलं, आणि एक वाक्य असं की, मी गोणीच्या मधे हात घालते तेव्हा तिथं गरम लागतं. मी लाल पेनानं त्या परिच्छेदावर तिरकी रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, 'विषयाला सोडून'. जागतिक दर्जाच्या विद्यापीठाला गोणपाट काय सांगायचं, असं मला वाटलं होतं.

मग मी लिहिलं. पहाटेची वेळ, आजोबांची बाग, गुलाबाच्या पाकळ्यांवरचं दव, आणि ते दव पाहताना एका छोट्या मुलीला पडलेला प्रश्न की फूल किती वेळ जगतं. वाचून अश्विनीनं कागद टेबलावर ठेवला.

"आवडलं नाही?"

"चांगलं हाय मॅडम. पर आमच्याकडं गुलाब नाही. अन आजोबा मी व्हायच्या आंधीच वारले."

"अगं, ते तसंच लिहायचं असतं," मी म्हणाले. "झेंडूपेक्षा गुलाब त्यांना लवकर कळतो."

ती मान हलवून उठली. इंग्रजीच्या बाईंनी सांगितलं म्हटल्यावर काय बोलणार.

पत्र गेलं आणि लागलं. तिची शिष्यवृत्तीसाठी निवडयादीत वर्णी लागली आणि व्हिडिओवर मुलाखत ठरली. शिष्यवृत्तीशिवाय तिला जाता येणारच नव्हतं, त्यामुळे ही मुलाखत म्हणजे सगळंच होतं. शिवाय अकोटचं एक स्थळ घरी येऊन गेलं होतं. पुंडलिकभाऊंनी त्यांना 'पोरीचा निकाल लागू द्या' म्हणून थांबवून ठेवलं होतं.

मुलाखत माझ्या अकोल्याच्या खोलीतच ठेवली, कारण गावात नेट धड चालत नव्हतं. शुक्रवार, दुपारची वेळ. टेबलावर लॅपटॉप, समोर अश्विनी. मी टेबलाच्या पलीकडे, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी. माझ्या हातात पुठ्ठ्याची कार्डं होती. मुलं अडली की मी मुद्दा लिहून कार्ड वर धरायची. हा माझा जुना उपाय होता आणि तोवर कधी फसला नव्हता. पुंडलिकभाऊ बाहेर बाकावर.

पडद्यावर एक प्राध्यापिका आली. आखूड पांढरे केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा. बोलणं इंग्रजीत झालं, मी इथं मराठीत देते. पहिली पाचेक मिनिटं व्यवस्थित गेली. अभ्यासक्रम, गुण, कॉलेजातला प्रकल्प. मग तिनं चष्मा लावला आणि समोरचा कागद उचलला.

"तुमच्या पत्राची सुरुवात मला आवडली," ती म्हणाली. "आजोबांच्या बागेतले गुलाब. कोणत्या जातीचे होते?"

मी घाईघाईनं 'देशी, लाल' असं लिहून कार्ड वर धरलं. अश्विनीनं त्याच्याकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मी सोपं करून विचारते," प्राध्यापिका म्हणाली. "ते गुलाब तोडल्यावर तुमच्याकडच्या हवेत किती तास टिकायचे?"

अश्विनीचे डोळे अजून माझ्यावरच होते. पडद्यावरच्या बाईंना ते दिसत होतं.

"खोलीत आणखी कुणी आहे का?"

त्या क्षणी मी मान हलवून 'नाही म्हण' असं खुणावलं. हे लिहायला मला आजही जड जातं, पण मी ते केलं होतं.

"आहे," अश्विनी म्हणाली. "माझ्या मॅडम आहेत. हे पत्र त्यांनी लिहिलं. आमच्याकडे गुलाब नाहीत. आमच्याकडे झेंडू आहे."

प्राध्यापिकेनं कागद खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "मॅडमना समोर यायला सांगाल का?"

मी खुर्ची सरकवून कॅमेऱ्यात आले. बावीस वर्षांपैकी एकोणीस तेव्हा झाली होती, आणि एवढ्या काळात तिकडच्या कुणी मला पाहण्याची ती पहिलीच वेळ. ती ओरडली नाही, रागावलीही नाही. तिनं एवढंच विचारलं, "तुम्ही वर्षाला अशी किती पत्रं लिहिता?"

मला आकडा माहीत होता. तो मला सांगता आला नाही.

"या वर्षी आम्हाला हा अर्ज पुढे नेता येणार नाही," ती म्हणाली. मग अश्विनीकडे वळून तिचं नाव जमेल तसं नीट उच्चारत म्हणाली, "खरं सांगितल्याबद्दल आभार. पुढच्या वर्षी अर्ज करायला तुम्हाला बंदी नाही. पण तो तुमचा असला पाहिजे."

पडदा काळा झाला. खाली दुकानात कुणीतरी झेरॉक्स काढत होतं, त्या मशीनचा आवाज तेवढा येत राहिला. अश्विनी रडली नाही. तिनं लॅपटॉप बंद केला, पुसल्यासारखा त्यावरून हात फिरवला आणि तो माझ्याकडे सरकवला.

पुंडलिकभाऊ आत आले. बाकावरून त्यांना बोलणं कळलं नव्हतं, पण तोंडं पाहून समजलं असावं.

"नापास झाली का?"

"नाही भाऊ," मी म्हणाले. "चूक माझी आहे. मी पत्रात खोटं लिहिलं होतं, ते पकडलं गेलं."

"काय खोटं?"

"गुलाब लिहिले होते."

त्यांना ते समजायला वेळ लागला. त्यांनी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"गुलाब कावून लिवले? आपल्याकडं तं गुलाब नाही."

"मॅडमले वाटलं, गुलाब चांगले दिसतीन," अश्विनी म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. वडिलांना समजावं म्हणून सांगत होती, बस.

"आपलं घर झेंडूनं चालते, मॅडम," पुंडलिकभाऊ म्हणाले. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं. "आता काय करा लागते ते सांगा. काम अर्ध्यात सोडू नका."

त्यांनी मला चार शब्द ऐकवले असते तर बरं झालं असतं. परतीच्या बसमधे बडनेऱ्यापर्यंत मी खिडकीबाहेर पाहत बसले आणि माझे सगळे आजोबा एकेक करून आठवत गेले.

दुसऱ्या मंगळवारी मी अकोल्याला न थांबता पुढे तेल्हाऱ्याची गाडी धरली. फाट्यावर अश्विनी मोटरसायकल घेऊन आली होती. वावरात तोडणी चालली होती. तिची आई बेबीताई आणि आणखी दोघी बाया ओटीत फुलं घेऊन येत होत्या आणि गोणपाटांत ओतत होत्या. वरून पाण्याचा हबका. ताजी दिसावीत म्हणून सगळेच मारतात.

बेबीताईंनी मला चहा दिला आणि फारसं बोलल्या नाहीत. माझ्याबद्दल त्यांचं मत काय झालं असेल ते मला विचारायची गरज नव्हती.

संध्याकाळी गोण्या शिवून पिकअपजवळ ठेवल्या. तास-दीड तासानं अश्विनीनं एका गोणीची शिवण उसवली.

"मधात हात घाला, मॅडम."

मी कोपरापर्यंत हात घातला. वरची फुलं गार होती. आत, अगदी मधे, गरम भाकरींच्या टोपल्यात हात घालावा तसं लागलं. मी हात पटकन बाहेर काढला.

"हेच लिवलं होतं म्या," ती म्हणाली.

"हो. मी त्याच्यावर रेघ मारली होती."

पुंडलिकभाऊंनी एक वर्ष दिलं. अकोटच्या स्थळाला त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही, पण ते स्थळ पुढे दुसरीकडे जुळलं. बेबीताई त्यावरून बरेच दिवस नवऱ्याशी धड बोलत नव्हत्या, असं अश्विनीनं एकदा सहज सांगितलं. म्हणजे ते वर्ष फुकट मिळालेलं नव्हतं.

त्या वर्षात अश्विनीनं कॉलेजातून एक थर्मामीटर मागून आणला. पाणी मारलेली गोणी, पाणी न मारलेली गोणी, सावलीत तासभर पसरून मग भरलेली, आणि भाजीवाल्यांकडून आणलेले जाळीचे प्लास्टिक क्रेट. प्रत्येकाचं तापमान ती वहीत लिहायची. बाजारात पोचल्यावर किती फुलं काळी निघाली तेही. सुरुवातीला बाप वैतागला. "माल भरू का तुयी परीक्षा पाहू?" असं म्हणायचा. मग पाणी न मारता क्रेटमधे भरलेला माल अडत्यानं स्वतःहून वेगळा काढून घेतला, तेव्हापासून तो गप्प झाला आणि क्रेट विकत आणायला लागला.

पत्र तिनं स्वतः लिहिलं. आधी आपल्या बोलीत, मग इंग्रजीत. मी म्हटलं, मी फक्त स्पेलिंग पाहीन. हे म्हणणं सोपं होतं. तिच्या पत्रात एक वाक्य होतं, 'फूल तोडल्यावरही जिवंत असते. ते गोणीत श्वास घेते. म्हणून गोणी गरम होते.' तिचं इंग्रजी अगदी असंच होतं, तुटक. माझ्या मनात लगेच त्याची पाच सुंदर रूपं तयार झाली. मी पेन टोपण लावून पर्समधे ठेवलं आणि पर्सची चेनही लावली.

एका ठिकाणी मात्र मी बोलले. शेवटच्या परिच्छेदात 'शिक्षण घेऊन मी मायदेशी परत येईन आणि माझ्या भागातल्या शेतकऱ्यांसाठी काम करीन' हे वाक्य असावं लागतं. मागणारे ते मागतातच असं नाही, पण असलं की बरं असतं. मी ते प्रत्येक पत्रात लिहिलेलं आहे. त्या मुलांपैकी परत आलेली मी हाताच्या बोटांवर मोजू शकते.

"हे वाक्य नाही तुझ्या पत्रात," मी म्हणाले.

"नाही."

"टाक. त्यानं फरक पडतो."

"मॅडम, मी येईन का नाही ते मले अजून माहीत नाही. तिथं काय हाय तेच पाह्यलं नाही. माहीत नाही ते कसं लिवू?"

"मग काय लिहिशील?"

तिनं लिहिलं, 'शिकून झाल्यावर मी कुठे काम करीन हे मला आज सांगता येत नाही. पण गोणीचा प्रश्न सुटला तर उत्तर मी आधी माझ्या वडिलांना सांगेन.' मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि स्पेलिंग बरोबर आहे असं सांगितलं.

दुसरी मुलाखतही त्याच खोलीत झाली. या खेपेला मी खाली स्टेशनरीच्या दुकानात जाऊन बसले. दुकानदारानं विचारलं, "मॅडम, आज खाली?" मी म्हटलं, वर माझं काम नाही. वीस मिनिटांची मुलाखत होती. चाळीस मिनिटं झाली तरी ती खाली येईना, तेव्हा मी दोनदा उठून जिन्यापर्यंत गेले आणि परत येऊन बसले. पुंडलिकभाऊ वरच्या बाकावर हलले नव्हते.

ती उतरून आली तेव्हा चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

"कोण होतं?"

"त्याच बाई."

"काय विचारलं?"

"गोनीचंच विचारत होत्या. थर्मामीटर कुठं लावला, किती खोल लावला, किती येळा पाह्यलं. मले एक शब्द आला नाही तं मी चित्र काढून दाखवलं कॅमेऱ्याले."

"आणि गुलाबाचं?"

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "शेवटी विचारलं. म्हनल्या, या वर्षी गुलाब नाही का? म्या म्हटलं, नाही."

महिन्याभरानं पत्र आलं, शिष्यवृत्तीसकट. पेढे घेऊन बेबीताई स्वतः आल्या. पेढा त्यांनी माझ्या हातात दिला नाही, टेबलावर ठेवला. पण जाताना म्हणाल्या, "कवा आल्या तं या घरी."

गेल्या वर्षी ऑगस्टमधे ती गेली. अकोल्याहून रेल्वेनं मुंबई आणि तिथून विमान. स्टेशनावर दोन बॅगा, एक मामा, मैत्रिणी आणि आईवडील. बेबीताईंनी डब्याच्या खिडकीतून तिच्या हातात काहीतरी बांधलेलं दिलं. गाडी हलली तेव्हा पुंडलिकभाऊ तिच्याबरोबर चार पावलं चालले आणि थांबले. बेबीताई मामाबरोबर पुढे गेल्या. बसस्टँडवर सोडतो म्हणून पुंडलिकभाऊंनी मला पिकअपमधे बसवलं.

पुलाजवळ आल्यावर ते म्हणाले, "मॅडम, एक इचारू का? येईन का वो थे पोरगी वापस?"

हा प्रश्न मला शेकडो आईबापांनी विचारला आहे. माझं उत्तर ठरलेलं असायचं. 'येणारच हो, कुठं जाते? आजकाल सगळे येतात.' ते ऐकून माणसं निर्धास्त घरी जायची, आणि मीही.

"मले माहीत नाही, भाऊ," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली. गाडी चालवत राहिले. रागावले असं वाटलं नाही.

"क्रेटमधी माल चांगला रायते," थोड्या वेळानं म्हणाले. "काळं पडत नाही. पर भरायले लय येळ लागते. एकेक थर लावा लागते. थे होती तं थेच भरे." पुढे बसस्टँड दिसायला लागला तसा त्यांनी गिअर बदलला. "आता कोन भरन?"

अमरावतीची बस लागलेली होती. मी उतरले.

यंदा मी अकोल्याची खोली सोडली. मी पत्र लिहून देत नाही हे पसरल्यावर निम्मी मुलं दुसरीकडे गेली, आणि आता तर मशीनच दोन मिनिटांत पत्र लिहून देतं, तेही चुकीशिवाय. राजापेठेत अजून बसते. मुलगा तसलं गुळगुळीत पत्र घेऊन आला की ते बाजूला ठेवते आणि त्याला म्हणते, घरी कसं बोलता तसं सांग. काही सांगतात. काही उठून जातात. ज्या जुन्या मुलांची पत्रं मी लिहिली ती आज तिकडे चांगल्या नोकऱ्यांवर आहेत, आणि त्यांच्यापैकी कुणाला नेमकं काय शिकायचं होतं ते मी कधी विचारलंच नव्हतं. ही गोष्ट आता दुरुस्त होण्यासारखी नाही.

खोलीतलं सामान हलवायला गेले तो गणपतीचा आदला दिवस होता. काम आटोपून फुलबाजारात गेले. पुंडलिकभाऊंचा पिकअप नेहमीच्या जागी उभा होता. अश्विनीचं पहिलं वर्ष चांगलं गेलं, ते म्हणाले. पुढचं अजून ती काही बोलत नाही. तेही विचारत नाहीत.

गाडीत अर्ध्या गोण्या होत्या आणि अर्धे क्रेट.

"क्रेट कोणी भरले?" मी विचारलं.

"तिची माय भरते," ते म्हणाले. "मीबी बसतो. आमाले तिच्यासारखं लवकर जमत नाही. जेवढं होते तेवढं क्रेटमधी, बाकी गोनीत."

गिऱ्हाइकं ताटकळत होती. तरी त्यांनी एका क्रेटवरचा कागद बाजूला केला, वरचे दोन थर हातानं उचलले आणि मधली फुलं मला दाखवली. मी हात लावून पाहिलं. गार होती.